कसबे केज येथील अख्ख्या पुड्याची फत्ते

॥ श्री कपिलधारवासी मन्मथमाउली समर्थ ॥

कसबे केज, जिल्हे बीड, येथील बाजारपेठेत शके एकोणीसशे सतरा, युवनाम संवत्सरे, माघमासी जे रण पडले त्याची हकीकत पुढीलांस ठाऊक असावी. राजेरजवाड्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु चार रुपयांच्या पुड्यासाठी जी झुंज जाहली ती लिहावयास कोणी बसत नाही, सबब हे लिहिणे. जे घडले तेच लिहिले आहे, आणि कोठे चार अक्षरे अधिक पडली असतील तर तो लेखणीचा दोष, बाईसाहेबांचा नव्हे.

त्या समयी दिल्लीदरबारी खुल्या व्यापाराचे फर्मान सुटोन चार-पाच साले लोटली होती, आणि मुलखात मालाचा पूर आला होता. जो साबण पूर्वी दोन जातींचा मिळे तो सतरा जातींचा जाहला, शांपूच्या चिमुकल्या पुड्या दुकानांच्या दारांस तोरणासारख्या लटकू लागल्या, आणि बिस्किटांचे तर लष्करच उतरले. ऐशा समयी यष्टीस्टँडापासोन हाकेच्या अंतरावर राजश्री रुद्रप्पा आप्पा, किराणा व भुसार, हे गादी आणि तराजू ऐसे आपले तख्त मांडोन राज्य करीत होते. दुकान पुढे, घर मागे, आणि मध्ये एक दार. त्या दाराचा कायदा आप्पांच्या तीर्थरूपांनी घालोन दिला तो ऐसा, की जे विकते ते दुकानाचे आणि जे विकत नाही ते घराचे. अख्खी वस्तू त्या दारातोन आत कधी गेली नाही.

आप्पांच्या कुटुंब सौभाग्यवती जगदेवीबाईसाहेब यांस त्या घरी येऊन अठरा साले जाहली होती. घरात साबण येई तो उंदरांनी आधी चाखलेला, चहापत्ती येई ती पुडा भिजलेली, काडेपेटी येई ती सादळलेली, आणि एक स्टोव्ह पेटवावयास अकरा काड्या खर्ची पडत. देवाची उदबत्तीही मोडकी, त्यामुळे प्रत्यक्ष महादेवास अठरा वर्षे अर्धाच सुवास पोहोचत होता. आप्पा यास बरकत म्हणत, आणि बरकत जाहलीही होती, कारण दुकानावर माडी चढली होती आणि रानात विहीर पडली होती. आणखी एक इमानाने लिहिले पाहिजे, की आप्पा खासे त्याच साबणाने न्हात आणि तीच चहापत्ती पीत, स्वतःसाठी निराळा कायदा त्यांनी कधी केला नाही.

ऐशात संक्रांतीचे वाण घेऊन बाईसाहेबांची धाकटी बहीण सत्यभामाबाई, बीडास बँकेतील कारकुनाचे घरी दिलेली, ती केजेस आली. चहा जाहला आणि बशीत बिस्किटे आली, आणि ती अर्थातच फुटक्या पुड्यातील चुरा व तुकडे.  सत्यभामाबाई बोलता बोलता तुकड्यास तुकडा लावोन पाहो लागली, हा कोपरा त्यास, तो कोपरा यास, आणि अर्धी बशी धुंडाळली तरी एकही बिस्कीट पुरे होईना. मग निघते वेळी पायताण घालताना म्हणाली, "अक्का, शिवरात्रीला परळीला जाऊन येणार हाय. परतीला थांबते. तू तरास घिऊ नको, पुडा मीच आणीन." ती मायेने बोलली, हेच अधिक लागले. यष्टी दृष्टीआड होईतो बाईसाहेब हसतमुख उभ्या होत्या, आणि मग घरात येऊन त्या बशीपुढे बसल्या आणि त्यांस रडू आले. त्याच ठायी त्यांनी महादेवाची आण घेतली, की शिवरात्रीनंतर बहीण उंबऱ्यात येईल त्या दिवशी तिच्यादेखत अख्खा पुडा आपल्या हाताने फोडीन.

प्रथम सामोपचाराची मसलत जाहली. आप्पा जेवावयास बसले असता बाईसाहेबांनी ताक वाढोन अर्ज गुदरला, की एक पुडा, फक्त एक, शिवरात्रीसाठी अख्खा मिळावा. आप्पांनी भाकरी मोडीत अर्ज ऐकिला, घास गिळिला, आणि निवाडा दिला तो ऐसा: "अख्खा पुडा कावून फोडायचा? पोटात जाऊन त्याचं तुकडंच व्हायचंय न्हवं?" या निवाड्यावर अपील कोठे करावे ते बाईसाहेबांस कळेना, आणि सामोपचार तेथेच संपला.

मग कायद्यातोनच वाट काढावी ऐसा विचार जाहला. कायदा म्हणतो की फुटका पुडा घराचा, तर पुडा फुटावा, परंतु आतील बिस्किटे शाबूत राहावी, म्हणजे कायदाही राहील आणि आणही राहील. ही मसलत थोर होती. दुपारी आप्पा गादीवर कलंडले आणि घोरणे सुरू जाहले, तो बाईसाहेब मधल्या दारातोन दबक्या पावली दुकानात शिरल्या, हातातील बांगडीस अडकविलेली पीन काढिली, आणि एका पुड्यास कागदाच्या कोपऱ्यात मुंगी शिरेल एवढे छिद्र पाडिले. संध्याकाळी त्यांनीच तो पुडा आप्पांपुढे धरोन सांगितले, की हा फुटला आहे, सबब घरात न्यावा. आप्पांनी पुडा उजेडास धरिला, चष्मा कपाळावर चढविला, छिद्राची पाहणी केली, आणि गल्ल्यातोन चिकटपट्टी काढोन त्यावर बोटभर तुकडा डकविला. तो पुडा त्याच संध्याकाळी चार आणे सुटीने विकला गेला. मोहीम दुसरी ऐशा रीतीने चिकटपट्टीखाली गाडली गेली, आणि बाईसाहेब रात्री भाकऱ्या थापीत असता त्यांच्या हातास नेहमीपेक्षा अधिक जोर होता.

आता शिवरात्र पाच दिवसांवर आली आणि मध्ये एकच आठवडी बाजार उरला. बाईसाहेबांनी शेवटचा विचार केला, तो मनातही उच्चारावयास भय वाटावे ऐसा. आप्पांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्रिंबकशेट यांचे दुकान होते, आणि दोन्ही घरांचे वैर वाडवडिलांपासोनचे, इतके की एकाने दाराची पाटी निळी रंगविली म्हणोन दुसऱ्याने आपली खरडोन लाल केली होती. तेथे जाऊन, रोख पैसे मोजोन, पुडा विकत घ्यावा ऐसे ठरले. पैशांची तजवीज होती, कारण दिवाळीस भाऊ विश्वेश्वरराव यांनी ओवाळणीत घातलेली पाच रुपयांची नोट बाईसाहेबांनी डाळीच्या डब्याखाली जपोन ठेविली होती.

बाजाराचा दिवस उजाडला. खेड्यापाड्यांतोन जीपगाड्या माणसांनी लटकोन येत होत्या, आणि पेठेत पाय ठेवावयास जागा नव्हती. बाईसाहेब इरकली लुगडे नेसोन, भाळी विभूतीची तीन बोटे ओढोन, डोईवर पदर घेऊन मागील दाराने निघाल्या, आणि बोळाला वळसा घालोन पेठेत आल्या. आप्पांनी पाहिले, परंतु देवळास चालल्या असतील म्हणोन पुन्हा तराजूकडे नजर लाविली. रस्ता तो वीस हात रुंद, परंतु अठरा वर्षांत त्यांनी तो या कामी कधी ओलांडिला नव्हता. मधोमध येता मनी आले की येथोनच फिरावे आणि कोथिंबीर घ्यावयास आले होते ऐसे सांगावे. मग त्या बशीतील न जुळणारे तुकडे आठवले, आणि पाऊल पुढे पडले.

त्रिंबकशेट त्यांस पाहोन गादीवरून उठले आणि हात जोडोन म्हणाले, "काकू, निरोप धाडायचा, म्या घरपोच दिला आसता." बाईसाहेब इतकेच म्हणाल्या, "बिस्किटाचा पुडा द्या. अख्खा." शेट पक्के मुत्सद्दी. त्यांनी नोट घेतली, परंतु रुपया परत करावयास इतका वेळ लाविला, एकदा गल्ला धुंडाळिला, एकदा खिसा, एकदा पुन्हा गल्ला, की तोवर अर्ध्या बाजाराने माना वळविल्या, आणि मग पुडा कागदात न गुंडाळता उघडाच बाईसाहेबांच्या हातावर ठेविला.

त्या घटकेस आप्पांच्या दुकानी मुक्ताबाई म्हणोन कुणबी घरची बाई, जिच्या घरचा महिन्याचा बाजार बारा वर्षे आप्पांकडोन जाई, ती तुरीची डाळ जोखोन घेत होती. तिने पलीकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले, आणि विचारिले, "आप्पा, काकू तिकडं कावून गेल्यात?" आप्पांनी मान वर केली आणि तराजू हातातच राहिला. मुक्ताबाईने पिशवीचे तोंड बंद केले. "तुमच्या घरचेच तुमचा माल खाईनात, मग आमी तर काय मुकी जनावरं हाव का? ऱ्हाऊ द्या ती डाळ." ऐसे बोलोन ती रस्ता ओलांडोन गेली, तिच्यामागे तिची नणंद गेली, आणि मग काय विचारता, डाळीत खडे आहेत, चहात भुसा आहे, तेलाचे तर बोलूच नये, ऐशा वावड्या वणव्यासारख्या उठल्या. आप्पांचा माल पेठेत सर्वांहून चोख, हे शत्रूही मान्य करी, परंतु त्या दिवशी ऐकावयास कोणी थांबला नाही. बारा वाजता दुकानी आप्पा, तराजू आणि गुळावरील माशा एवढीच शिबंदी उरली.

तेव्हा न घडावे ते घडले. भर बाजाराचे दिवशी, दिवस डोक्यावर असता, आप्पा गादी सोडोन मधल्या दारातोन घरात आले. बाईसाहेब चुलीपाशी पुडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, फोडिला नव्हता.

"कितीला पडला?" आप्पांनी विचारिले.

"चार रुपये."

"चार न्हाई. सकाळधरनं चारशेचं गिऱ्हाईक गेलं."

"म्हंजी मला चारला पडला आन् तुमाला चारशेला," बाईसाहेब बोलल्या. "आता बचत कुणी केली, तुमीच सांगा."

आप्पा पाटावर बसले. तोंडावरून उपरणे फिरविले, आणि आवाज उतरवोन म्हणाले, की बिस्किटाची एवढी भूक होती तर तसे सांगावयाचे.

"सांगितलं व्हतं. आन् भूक न्हवतीच. अठरा सालं झाली, ह्या घरात येकबी वस्तू म्या माझ्या हातानं फोडली न्हाई. समदं आदीच फुटल्यालं येतंय. मलाबी वाटाय लागलं, मी त्याच मालातली हाय."

हे वाक्य आप्पांस कोणत्याही मापाने जोखता येईना. त्यांनी तह मागितला.

तहाची कलमे तोंडी ठरली ती येणेप्रमाणे, की दर बाजारच्या दिवशी बाईसाहेबांनी मागील दाराने न येता पुढील बाजूने, चारचौघांत, गिऱ्हाइकासारखे दुकानी यावे, आणि आप्पांनी अख्खा पुडा द्यावा, आणि त्याचे चार रुपये आप्पांनी आपल्या खिशातोन गल्ल्यात भरावे. आणखी एक कलम बाईसाहेबांनी घातले, की त्रिंबकशेटकडील पुडा परत जाणार नाही. आप्पांनी सर्व मंजूर केले आणि एवढीच विनंती केली, की अंमल आजच व्हावा, बाजार उठावयास अजोन सहा तास आहेत.

मग चार वाजता बाईसाहेब पुन्हा इरकली लुगडे सावरीत पेठेत आल्या आणि आपल्याच दुकानासमोर उभ्या राहिल्या. आप्पा, जे तहसीलदारासाठीही गादी सोडीत नसत, ते उठोन उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी पुडा पुढे करोन म्हणाले, "घ्या. ताजा माल हाय, कालच आलाय." अठरा वर्षांत आप्पांनी बाईसाहेबांस अरेतुरेवाचोन हाक मारिली नव्हती, आणि तो "घ्या" ऐकोन त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आप्पांनी उजव्या खिशातोन चार रुपये काढोन डाव्या हाताने गल्ल्यात टाकिले. पलीकडील पायरीवरोन मुक्ताबाई हे सर्व पाहत होती. ती पिशवी घेऊन परत आली आणि म्हणाली, "बांधा मग ती डाळ."

शिवरात्र पार पडली, आणि दुसरे दिवशी, माघ वद्य अमावास्येस, सत्यभामाबाई परळीहोन केजेस उतरली. चहा जाहला. बाईसाहेबांनी आप्पांनी दिलेला पुडा बहिणीदेखत घेतला, शिवणीवर नख लाविले, आणि सावकाश, कागद कर्र वाजेल ऐसा, आपल्या हाताने फोडिला. बिस्किटे बशीत मांडिली, चारही कोपरे शाबूत. सत्यभामाबाईने एक उचलोन उलटेपालटे पाहिले आणि म्हणाली, "मंग म्या आणल्याला पुडा पिशवीतच ऱ्हाऊ दे." आणि मधल्या दारात घुटमळणाऱ्या आप्पांस म्हणाली, "दाजी, तुमी बी घ्या की."

आप्पांनी बिस्कीट घेतले. सवयीने दोन्ही अंगठे मोडावयास सरसावले, ते त्यांनी आवरिले, आणि बिस्कीट अख्खेच चहात घातले. वीस वर्षे त्यांनी पोत्यांनी बिस्किटे विकिली होती, परंतु अख्खे बिस्कीट किती वेळ बुडवावे याची त्यांस खबर नव्हती. अर्धे बिस्कीट कपात खचोन गेले, आणि आप्पा हातातील उरल्या तुकड्याकडे आणि मग कपाकडे पाहत राहिले. तेव्हा बाईसाहेबांस उमजले, की या मनुष्यानेही जन्मात एक पुडा आपल्या हाताने फोडिला नाही. त्या प्रथम हसल्या, पदर तोंडास लावोन पुष्कळ हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरोन आले. त्यांनी बशीतील दुसरे अख्खे बिस्कीट उचलोन आप्पांच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "ह्याला लवकर काढा."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्याकडील एक बिस्कीट चहात कामास आले, ते आप्पांनी चमच्याने वर काढोन खाल्ले, कारण तुटका माल वाया घालविणे त्यांस अद्याप मंजूर नव्हते. बाकी लष्कर तिघांनी मिळोन संपविले. दुसरे दिवशी न मागता घरात अख्खा साबण आला, त्यावर नावाची अक्षरे उठलेली होती, आणि महादेवास पुरी उदबत्ती लागली. त्रिंबकशेटकडोन आणिलेला पुडा मात्र बाईसाहेबांनी फोडिला नाही. तो मिठाच्या बरणीशेजारी, फळीवर, पाटाच्या अगदी समोर ठेविला आहे. आप्पा जेवावयास बसता एकवार त्याकडे पाहतात, आणि मग मुकाट्याने भाकरी मोडतात.