आठला थांबणाऱ्या गायकवाड बाई

गायकवाड बाई चहा ओतताना मोठ्याने आकडे मोजतात. "एक, दोन, तीन..." आठ म्हटलं की किटली खाली. मग कप भरलेला असो वा नसो. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत याला सगळे पुणेरी कंजूषपणा म्हणतात. मीही म्हणायचो, आणि वर हसायचोही.

बाई एका इस्पितळाच्या लॅबमध्ये तीस वर्षं जंतू तपासत होत्या. आता समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात आणि जंतूंच्या जागी आम्हाला तपासतात. "आधी जांभळा रंग घालायचा, मग वरून स्पिरिट. जाड भिंतीचा जंतू जांभळाच राहतो. पातळ भिंतीचा रंग सोडतो, मग त्याच्यावर गुलाबी चढवायचा." हे त्यांनी मला जिन्यात वीसदा तरी सांगितलंय. सोसायटीचे चेअरमन जाड भिंतीचे. "किती धुवा, ढिम्म!" सेक्रेटरी गुलाबी. "भिंत पातळ, पण बाहेरून तेलकट पडदा. औषध आत शिरू देत नाही मेला."

"आणि मी?"

"अहो, तुम्हाला भिंतच नाही. असतात तसेही काही."

परवा माझी मुलगी इरा कॉलेजातून रडत आली. प्रॅक्टिकलला जांभळी यायची स्लाइड अख्खी गुलाबी आली होती. मी तिला बाईंकडे नेलं. त्यांनी आपलं जुनं सूक्ष्मदर्शक पुसून स्लाइड पाहिली.

"स्पिरिट आठ मोजून थांबवायचं, तू जास्त वेळ ठेवलंस. जाड भिंत झाली तरी किती धरणार?"

"जाऊ दे, उद्या परत करीन."

"हो. कॉलेजात परत करता येतं."

मग आमच्याकडे न बघता त्या बोलत राहिल्या. मिस्टरांना ताप होता, जंतू रक्तात गेलेले. नमुना बाईंच्याच टेबलावर आला. स्पिरिट ओतताना त्या चिठ्ठीवरचं नाव वाचत बसल्या आणि हात थांबलाच नाही.

"जांभळं होतं ते गुलाबी दिसलं. मी गुलाबी लिहिलं. औषधही गुलाबीचं सुरू झालं."

दोन दिवसांनी चूक कळली, तोवर ते गेले होते.

"डॉक्टर म्हणाले, तसेही वाचले नसते. डॉक्टर जाड भिंतीचे." बाईंनी चष्मा काढला. "लॅबमध्ये मी एकटीच होते हो. बास म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं."

मला माझीच लाज वाटली.

बाई उठून चहा करायला गेल्या. कप मांडले, किटली उचलली. एक, दोन, तीन... सातवर आवाज अडकला. धार मात्र चालूच राहिली. कप काठोकाठ भरला, चहा बशीत सांडायला लागला, तरी बाईंचं लक्ष नव्हतं.

इरा उठली. तिने हलकेच त्यांचं मनगट धरलं.

"बास, बाई," ती म्हणाली. "बास झालं."