अकरा मात्रांतले केळुस्कर

रेणुका दप्तरदारांच्या नव्या रचनेत दुसऱ्या भागाच्या शेवटी अकरा मात्रांची शांतता होती, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे केळुस्कर नावाचे गृहस्थ राहायला आले.

रचना दोन सॅक्सोफोन, दोन व्हायोलिन आणि एका चेलोसाठी होती. चेलो रेणुकाताई स्वतः वाजवायच्या. लय इतकी संथ की एकेक मात्रा चांगली तीन सेकंदांची. एकट्या माणसाला जागा तशी पुरेशी होती.

केळुस्कर आल्याचं सगळ्यांना कळलं ते दस्तगीर मुलाणींमुळे, कारण दस्तगीर तिथे थांबले नाहीत. मिरजेतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला होता. वरात निघाली की पोचेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, हा बँडवाल्यांचा धर्म. सूर तुटला की घोडी बसते, आणि घोडी बसली की नवरदेवाचा काका भांडायला उठतो. कागदावर शांतता स्वच्छ लिहिलेली असूनही दस्तगीरांची बोटं चालत राहिली, आणि आत कुठेतरी कप फुटला.

सगळे थांबले. मग रेणुकाताईंनी तो भाग पुन्हा घेतला. या वेळी दस्तगीरांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला होता.

"मी केळुस्कर," शांततेतून आवाज आला. "निवृत्त पोस्टमास्तर. परवाच आलोय. कपाचं राहू द्या, पण वाजवणाऱ्यांनी जरा शेजारधर्म..." एवढ्यात अकरा मात्रा संपल्या आणि बोलणं तुटलं.

त्यांचं म्हणणं पुरतं ऐकायला चार तालमी लागल्या. त्यांचं घर मंगल कार्यालयासमोर होतं. बावीस वर्षं वराती त्यांच्या खिडकीखाली येऊन थांबायच्या. व्याही बाहेर येईपर्यंत एक सॅक्सोफोनवाला एकच सूर धरून उभा राहायचा.

"तो माणूस श्वास कधी घेतो, याच विचारात माझी दुपारची झोप गेली," केळुस्कर म्हणाले. "आता कुठे डोळा लागतोय."

दस्तगीर खाली मान घालून आपल्या चपला बघत बसले. त्या खिडकीखाली सूर धरणारे तेच होते. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्याच तालमीत चौथ्या मात्रेला त्यांनी पुन्हा फुंकलं.

"जित्याची खोड," व्हायोलिनवाल्या बर्वेबाई पुटपुटल्या.

रेणुकाताईंनी दस्तगीरांना चहाला बाजूला घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त नियम सांगितला.

"मुलाणी, पहिल्या जाहीर कार्यक्रमात जे वाजतं तेच कायम राहतं. त्यानंतर मी पानावर काहीही लिहिलं तरी उपयोग नसतो. रविवारी त्या जागी वाद्य वाजलं नाहीतर टाळी पडली, कुणाचीही, तर ती जागा गेली. दारातलं बोलणं, घरातली भांडी चालतात; घर म्हटलं की तेवढं आलंच."

"आणि साहेब?"

"ते परत मंगल कार्यालयासमोर."

"मग मला काढा मॅडम. खरंच सांगतो, काढा."

"कसं काढू? तिसरा भाग तुमच्याच सुरानं सुरू होतो."

दस्तगीरांनी सगळे उपाय केले. मोठ्यांदा मात्रा मोजल्या, तर केळुस्करांनी मोजण्याचा आवाज येतो म्हणून कळवलं. तोंडाची नळी काढून खिशात ठेवली, तर ती परत बसवेपर्यंत तिसरा भाग पुढे निघून गेला. ओठ घट्ट मिटले, तरी पट्ट्यांवर बोटांची टकटक चालूच राहिली. केळुस्करांनी दाराला गोधडी लावून घेतली आणि तसं सौजन्यानं सांगितलंही. त्या सौजन्यानं दस्तगीरांना जेवण जाईना.

शनिवारच्या तालमीनंतर दुसरे सॅक्सोफोनवाले पीटर लोंढे वाद्य पुसता पुसता म्हणाले, "मास्तर, एकतीस वर्षांत तुम्ही एकदाबी थांबला न्हाईसा?"

"थांबलो की. मयताचं घर लागलं की थांबायचं. म्होरं चालणाऱ्यानं डावा हात वर केला की सगळा बँड गप. घर मागं पडस्तोवर नुसतं पाय वाजत्यात. घोडीलाबी कळतं."

"तवा बोटं चालत न्हाईत?"

"घरापुढं कशी चालतील?"

"मग हे बी घरच की," लोंढे म्हणाले आणि पेटी उचलून निघाले.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. अर्धे लोक रेणुकाताईंच्या ओळखीचे आणि अर्धे बँडवाल्यांचे सोयरे. पहिला भाग बरा गेला. दुसरा त्याहून बरा गेला. मग व्हायोलिनं थांबली, चेलो थांबला, आणि शांतता आली.

एक. दोन. तीन.

चौथ्या मात्रेला दस्तगीरांची बोटं हलू लागली. त्याच वेळी पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांना कार्यक्रम संपला असं वाटलं आणि टाळीसाठी त्यांनी दोन्ही हात उचलले.

दस्तगीरांनी डावा हात वर केला. पंजा सरळ, लोकांकडे.

वरातीत न चाललेलं माणूस त्या सभागृहात एकही नव्हतं. पाहुण्यांचे हात होते तिथेच राहिले. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. कुणीतरी हातातली लिमलेटची गोळी कागदात गुंडाळून ठेवली, तीही आवाज न करता.

सातव्या मात्रेला दाराची गोधडी बाजूला झाली.

"कोण गेलं हो?" केळुस्करांनी हळूच विचारलं.

आठव्या मात्रेत दस्तगीरांनी श्वास घेतला.

"कुणी न्हाई साहेब," नवव्या मात्रेला ते म्हणाले. "तुम्ही राहताय, म्हणून."

दहावी मात्रा रिकामी गेली. अकराव्या मात्रेला आत कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग दस्तगीरांनी हात खाली घेतला आणि तिसरा भाग सुरू केला.