सही नाय, चावी नाय

आमच्या परळच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबची चावी ‘देवधरबाई’ या नावाने मागावी लागते. बाई निवृत्त होऊन जमाना झाला. पण खोल्यांचे नंबर तीनदा बदलले, तेव्हा चाव्या सांभाळणाऱ्या तावडेंनी वैतागून चाव्यांना माणसांचीच नावं देऊन टाकली. लायब्ररी म्हणजे ‘काणेसर’.

मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. एकदा माझ्या एका हातात गरम चहा, दुसऱ्यात पेपरांचा गठ्ठा. म्हटलं, “तावडे, रजिस्टरात नंतर करते ना सही!”

“सही नाय, चावी नाय. चाय मी धरतंय.” आणि धरला की हो खरंच!

यंदा दारांना कार्डाची कुलपं आली. तावडेंचा चाव्यांचा बोर्ड शनिवारी भंगारात आणि तावडे गेटवर, असं ठरलं. माणूस फक्त रोज एकेक चावी पुसत बसायचा. ते बघून माझा नुसता संताप व्हायचा.

शुक्रवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरचे परीक्षक हजर, चाळीस मुलं एप्रन घालून उभी, आणि माझ्या कार्डाला लाल दिवा. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कार्डालाही लाल दिवा! अडीअडचणीसाठी दिलेल्या चाव्या ऑफिसने अगदी जपून कॉम्प्युटर रूममध्ये ठेवलेल्या. आणि त्या खोलीलाही कार्डच! मी कपाळाला हात लावला.

“मागचो दरवाजो आसा मां,” तावडे म्हणाले. लॅबचं व्हरांड्याकडचं ते दार आम्ही साफ विसरलो होतो; त्याला अजून जुनंच कुलूप होतं, ‘देवधरबाई’नेच उघडणारं. तावडे मात्र त्याच्या कुलपाला दर महिन्याला तेल घालत होते.

“द्या, द्या लवकर!” साहेब ओरडले.

तावडेंनी शांतपणे रजिस्टर पुढे केलं. परीक्षकांच्या देखत साहेबांनी मुकाट सही केली, वर स्वतःच्या हाताने ‘देवधरबाई’ असंही लिहिलं. कुलूप एका झटक्यात उघडलं. मुलांनी काय जल्लोष केला म्हणता! मीही ओरडले, लाज कसली?

बोर्ड राहिला, तावडेही राहिले. साहेबांनी दुपारीच तसं लेखी दिलं. मी पेढे घेऊन गेले. “जिंकलात हो! आज तरी वेळेवर घरी जा.”

पेढा हातात धरून ते नुसते बसले. “घरी जाऊन काय करू, मॅडम? खोलीचा कुलूप मीच लावतंय, मीच काढतंय. बायको गेली तेव्हापास्ना माझ्याकडे चावी मागणारा थंय कोण नाय.”

तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी हाक मारली, “तावडे, चावी!” आणि तावडे ताडकन उठले.