चित्र रंगारीत उघडतं

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर होता. तो राजाच्या दरबारात, गुहेच्या तोंडाशी ठेवलेला होता. वीज कुठून यायची असं विचारू नका. ज्या जंगलात अस्वलाला प्रधान करतात, तिथे वीज येणं ही काही फार मोठी गोष्ट नाही.

या कॉम्प्युटरला एक खोड होती. कोणतंही चित्र उघडायला गेलं की ते 'रंगारी' नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं. रंगारी हा चित्रं रंगवायचा प्रोग्रॅम. आपल्याला चित्र नुसतं बघायचं असायचं, आणि हा आपल्या हातात कुंचला देऊन मोकळा व्हायचा. पंजा जरा घसरला की चित्रावर फराटा उठायचा. मग बंद करताना रंगारी अदबीने विचारायचा, 'केलेले बदल जतन करायचे का?'

दरबारातले सगळे 'हो' दाबायचे. 'नाही' म्हणायची तिथे कुणाला सवयच नव्हती.

नुसतं बघण्यासाठी 'दर्शक' नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. सगळी चित्रं आपोआप त्यात उघडतील अशी सोयही करता येत होती. ती कुणी केली नव्हती, एवढंच.

आता टिटवीकडे येऊ.

नदीच्या काठाला सगुणा नावाची टिटवी राहायची. तिचा नवरा गणोजी. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या गोट्यांमध्येच अंडी घालतात. अंडीही गोट्यांसारखीच दिसतात, त्यामुळे सहसा कुणाला सापडत नाहीत.

पण घोरपडीला सापडली. ती त्या काठाची अंमलदार होती. काठावरची अंडी सांभाळणं हे तिचं काम. काम अंड्यांजवळचं आहे म्हणून तिने ते खास मागून घेतलं होतं.

एका सकाळी ती आली आणि सगुणाची अंडी खाऊन गेली. सगुणा आणि गणोजी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिले. घोरपडीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. शेवटचं अंडं तोंडात धरून ती सावकाश चालत निघाली.

काठावरच्या करंजाच्या झाडाला दरबाराने एक कॅमेरा बांधला होता. त्याने तेवढ्यात चित्र टिपलं.

सगुणा तडक दरबारात गेली. तिथे प्रधान होते, म्हणजे अस्वल. कॉम्प्युटरचे तज्ज्ञ फांदीकर साहेब होते. फांदीकर साहेब जातीने वानर, पण शहराजवळच्या झाडावर बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांना साहेब म्हणत. कारकून म्हणून एक साळिंदर होतं.

फांदीकर साहेबांनी चित्र उघडलं. ते अर्थातच रंगारीत उघडलं.

चित्र लख्ख होतं. घोरपडीची खरबरीत पाठ, जाड शेपटी, वाकडे पाय, तोंडात अंडं. फुटलेल्या अंड्याचा पिवळा बलक पायांवर ओघळलेला.

"ही तर आपल्या अंमलदारबाई," साळिंदर म्हणालं.

प्रधानांनी त्याच्याकडे पाहिलं. साळिंदर पुन्हा तसं म्हणालं नाही.

"दिसतंय ना, प्रधानजी?" सगुणाने विचारलं.

"बाई, दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं," प्रधान म्हणाले. "आता फक्त दिसलंय. सगळ्या खात्यांनी रीतसर पाहिलं की मग महाराज पाहतील."

असं म्हणत ते नीट बघायला पुढे वाकले. त्यांचा पंजा माऊसवर टेकला. घोरपडीच्या पाठीवर एक रुंद तपकिरी फराटा उठला.

"अहो, रंग लागला त्याला."

"लागतो कधीकधी," प्रधान म्हणाले आणि त्यांनी चित्र बंद केलं. रंगारीने आपला प्रश्न विचारला. प्रधानांनी 'हो' दाबलं.

"आता तो रंग निघेल का?"

"जतन झाल्यावर नाही निघत," फांदीकर साहेब म्हणाले.

"मग जतन कशाला केलंत?"

"त्याने विचारलं," प्रधान म्हणाले.

सगुणा साधी होती, पण बावळट नव्हती. ती फांदीकर साहेबांकडे वळली.

"साहेब, हे नुसतं बघता येईल असं काही नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. दर्शक आहे. चित्रावर उजवं बटण दाबायचं, 'याने उघडा' म्हणायचं, दर्शक निवडायचा. खाली 'नेहमी हाच वापरा' अशी चौकट असते, तिथे खूण करायची. संपलं. मिनिटाचं काम आहे."

"मग करा की."

फांदीकर साहेब हसले. शिकलेला माणूस अडाण्याला हसतो तसे, फक्त त्यांना शेपटी होती.

"बाई, कसं करायचं हे मला माहीत असावं म्हणून मला ठेवलंय. करण्यासाठी नाही. आदेश आल्याशिवाय मी खूण करू शकत नाही."

"मग तुम्ही आदेश द्या," सगुणा प्रधानांना म्हणाली.

"हा धोरणाचा प्रश्न आहे. आजपर्यंत सगळी चित्रं रंगारीत उघडत आली. आज एकदम दर्शक आणला तर रंगारीत काय वाईट होतं, असं कुणीही विचारेल. समिती नेमावी लागेल."

समिती नेमली गेली. ती करवंदांच्या जाळीत बसली. करवंदांचा हंगाम होता तोवर बसली.

"निदान कॅमेऱ्यातलं चित्र तरी जपून ठेवा," गणोजी जाऊन सांगून आला.

"ते पुसलं," फांदीकर साहेब म्हणाले. "दरबारात पोचलेलं चित्र कॅमेऱ्यात ठेवायचं नाही, असा नियम आहे. गोंधळ होतो."

इकडे सगुणाने पुन्हा अंडी घातली होती. या वेळी दोनच. निकाल लवकर लागला, घोरपडीला काठावरून हलवलं, तर ही तरी वाचतील अशी तिला आशा होती. ती अंड्यांवर बसायची आणि करंजाखालून कुणी येतंय का ते पाहत राहायची. घोरपड रोज येऊन विचारपूस करून जायची.

"कसं आहे सगळं, सगुणाबाई? काही लागलं तर सांगा हं. आम्ही आहोतच."

चित्र मात्र खात्याखात्यांतून हिंडत होतं.

साळिंदराने ते तपासलं. गुन्हेगाराची मान कुठे आहे हे प्रधानांना दाखवताना त्याने बाण मानेवरून फिरवला. बाण नव्हता तो, कुंचला होता. मानेवर काळा पट्टा आला. साळिंदराने 'हो' दाबलं.

मग ते मोराकडे गेलं. मोर प्रसिद्धी खातं सांभाळायचा. चित्र फार उदास आहे, असं त्याचं मत पडलं. बघावं तरी कसं दिसतं, म्हणून त्याने डोळ्याजवळ लाल ठिपका दिला. छान दिसला. त्यानेही 'हो' दाबलं.

शेवटी चित्र घोरपडीकडे गेलं. दचकू नका, बाळांनो. घटना नदीकाठची होती. नदीकाठच्या घटनेवर नदीकाठच्या अंमलदाराचा अभिप्राय लागतोच.

घोरपडीने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. सगळ्या दरबारात तीच एक होती जिने रंगारी नीट शिकून घेतला होता. तिने खोडरबर घेतला आणि शेपटी पुसली. जाड पायांच्या कडा पुसल्या. पायांवर बलकाच्या पिवळ्या रेघा होत्या, त्या तेवढ्या राहू दिल्या. पोटाखाली थोडा पांढरा रंग ओतला. तोंडाची टोकं खरवडून निमुळती केली. अंड्याला हात लावला नाही.

अभिप्राय तिने एका ओळीत दिला. 'चित्र पाहिले. आक्षेप नाही.'

मग तिने 'हो' दाबलं. मुद्दाम 'हो' दाबणारी त्या दरबारात ती एकटीच.

सुनावणीच्या दिवशी सगळं जंगल जमलं. सिंह महाराज कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. फांदीकर साहेबांनी चित्र उघडलं.

महाराजांनी पाहिलं. तपकिरी पाठ. पांढरं पोट. मानेवर काळा पट्टा. डोळ्याजवळ लाल. खाली बारीक पिवळे पाय. तोंडात अंडं.

"ही टिटवी आहे," महाराज म्हणाले.

"महाराज, ती घोरपड आहे," सगुणा म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं. प्रधानजींनी पाहिलं. या साळिंदराने तर नाव घेतलं होतं तिचं."

महाराजांनी साळिंदराकडे पाहिलं. साळिंदर आपले काटे मोजत होतं.

"पुढे ये," महाराज सगुणाला म्हणाले. "तुझे पाय कोणत्या रंगाचे?"

"पिवळे, महाराज."

"डोळ्यापाशी काय आहे?"

"लाल आहे. पण तो जन्मतःच..."

"आणि मानेला?"

सगुणाने मान खाली घातली. मान खाली घातल्यावर काळा पट्टा आणखी स्पष्ट दिसला.

"स्वतःची अंडी स्वतः खाल्लीस आणि एका जुन्या सेवकाचं नाव घेतेस," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज दुःखी होता. राजे असा आवाज निकालासाठी राखून ठेवतात.

निकाल असा झाला, की सगुणाने यापुढे आपल्या अंड्यांच्या जवळ जायचं नाही. गणोजीनेही नाही, कारण तोही तिच्यासारखाच दिसतो. आणि उरलेल्या दोन अंड्यांना आईपासून धोका असल्यामुळे ती आजपासून अंमलदारबाईंच्या ताब्यात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी आधीचं चित्र पाहिलं होतं त्यांनी जरा जास्तच.

सगुणा नदीतल्या एका खडकावर जाऊन बसली. तिथून तिला अंडी दिसत नव्हती, पण ती जागा दिसत होती. गणोजी शेजारी बसला. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती एरवी पोटाची पिसं भिजवून आणायची. त्या दिवशीही तिने पिसं भिजवली. मग ती ओली तशीच बसून राहिली.

"मला आता वाटायला लागलंय," ती गणोजीला म्हणाली, "की खरंच मीच होते की काय."

"वेडी आहेस का तू?" गणोजी म्हणाला. "मी होतो ना तिथे."

"तूही माझ्यासारखाच दिसतोस," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात महाराजांचा वाढदिवस आला. त्यासाठी महाराजांचं एक चित्र काढून घेतलं होतं. उंच कड्यावर महाराज, मागे सूर्य, वाऱ्यावर आयाळ. प्रधानांनी ते महाराजांसमोर कौतुकाने उघडलं. नीट बघायला पुढे वाकले. पंजा माऊसवर टेकला.

महाराजांच्या नाकाखालून कानापर्यंत एक तपकिरी फराटा गेला.

प्रधानांनी सवयीने 'हो' दाबलं. दाबल्यावर त्यांच्या अंगावरचे केस उभे राहिले, आणि अस्वलाच्या अंगावर केस काही कमी नसतात.

"फांदीकर," महाराज शांतपणे म्हणाले, "हे पुन्हा होणार नाही असं काही करता येतं का?"

"येतं, महाराज."

"किती वेळ लागेल?"

"झालं, महाराज."

खरंच झालं होतं. उजवं बटण, 'याने उघडा', दर्शक, चौकटीत खूण. आदेश नव्हता, धोरण नव्हतं. समितीला तर कुणी कळवलंही नाही; ती तेव्हा जांभळाच्या झाडाखाली बसली होती.

कॉम्प्युटर सुधारल्याबद्दल फांदीकर साहेबांचा सत्कार झाला. दूरदृष्टीबद्दल प्रधानांचाही झाला. महाराजांचं चित्र पुन्हा काढलं गेलं.

त्याच सत्काराच्या दुपारी घोरपडीने उरलेली दोन अंडी खाल्ली.

करंजावरच्या कॅमेऱ्याने चित्र टिपलं. ते दरबारात आलं. ते दर्शकात उघडलं. आता त्याला कुणीही काही करू शकत नव्हतं. खरबरीत पाठ, जाड शेपटी, वाकडे पाय, तोंडात अंडं. इतकं स्वच्छ चित्र त्या दरबाराने कधी पाहिलं नव्हतं.

सगुणा आणि गणोजी दोघेही तिथे होते. सगुणाने चित्राकडे आणि मग महाराजांकडे पाहिलं.

महाराजांनी जुनं चित्र मागवलं. तेही दर्शकात उघडलं, आणि तेही अगदी स्वच्छ दिसलं. प्रत्येक फराटा आपल्या जागी पक्का होता.

"एका चित्रात टिटवी आहे," महाराज म्हणाले. "एका चित्रात घोरपड आहे. जागा तीच, गुन्हा तोच. म्हणजे दोन्हींतलं एक खोटं."

"बरोबर, महाराज," प्रधान म्हणाले.

"पहिल्या चित्रावर या दरबाराने निकाल दिलेला आहे."

"बरोबर, महाराज."

"म्हणून हे दुसरं खोटं. काढून टाका."

फांदीकर साहेबांनी ते काढून टाकलं. या वेळी आदेश होता.

सगुणा आणि गणोजीने ते जंगल सोडलं. नदी ओलांडून ती दोघं पलीकडच्या माळावर गेली. तिथे राजा नव्हता, दरबार नव्हता, कॉम्प्युटरही नव्हता. साप होते, मुंगसं होती, कोल्हे होते. अंडी तिथेही जपावी लागत. पण तिथे सापाला सगळे साप म्हणत. सगुणाला तेवढंच पुरेसं वाटलं.

तात्पर्य : बाळांनो, घरावर संकट आलं तर पुरावा गोळा करण्यात वेळ घालवू नये. राजाच्या नाकाखाली एखादा फराटा कसा उठेल ते पाहावं, सुधारणा ताबडतोब होते. तोवर तुमचा निकाल लागून गेलेला असतो हे खरं. पण इतकी चांगली सुधारणा आपल्या डोळ्यांदेखत झाली, याचं समाधान कोण हिरावून घेणार?