अलाबामाचे बस्त्यावकाका

दुबईशेजारच्या अजमानमध्ये, भर ऑगस्टात एसी बंद ठेवून, वर गळ्याला मफलर गुंडाळून बसणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी बस्त्यावकाका. "घसा आहे तर व्हिसा आहे, बाबा," म्हणायचे. त्यांच्याकडे चहाला जाणं म्हणजे घामाने आंघोळ करून येणं.

काका मूळचे वसईचे. दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी अमेरिकेच्या दक्षिणेकडची सोल गाणी गायचे. सोल म्हणजे चर्चमधला सूर लावून घरचं दुःख सांगायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यात त्यांचं दैवत आमोस टिब्ज. हा अलाबामाचा. बाप पाद्री, बायको दूर गावी, जन्मभर परक्यांपुढे गायला आणि कुणाला नाव न कळता मेला. त्याच्या पुण्यतिथीला काका बिर्याणीसुद्धा सोडायचे.

एकदा मी फोनवर या आमोसला शोधलं. असा माणूस जगात कधी झालाच नव्हता. तसं काकांना विचारलं.

"नाय मिळणार," काका म्हणाले. "मॅनेजर बोलतो, गेस्टला फेमस माणसाचं पाहिजे, तुझं नको. मग माझी गाणी मी आमोसच्या नावावर लावली. लगेच सगळे ओल्ड इज गोल्ड बोलायला लागले. खलास."

गिऱ्हाईकंही भलतीच जाणकार. नेहमी येणारे एक साहेब तर छातीठोकपणे सांगायचे की आमोसची रेकॉर्ड त्यांच्या वडिलांकडे होती.

पुढे हॉटेलने गायक काढून डीजे ठेवला. घसा शाबूत असून काकांचा व्हिसा गेला. शेवटच्या कार्यक्रमाला वसईहून रोझीकाकू आल्या. नवऱ्याला इथे गाताना त्या पहिल्यांदाच ऐकणार होत्या. काकूंना इंग्रजी येत नसे, म्हणून मी शेजारी बसलो.

काकांनी माइकवर इंग्रजीत सांगून टाकलं, "हे आमोसचं नाही. माझं आहे. माझ्या बायकोवर लिहिलंय." आणि जीव ओतून गायले.

गाणं संपवून काका आमच्या टेबलाशी आले, तसे ते रेकॉर्डवाले साहेबही मागोमाग आले आणि काकांचा खांदा थोपटत इंग्रजीत म्हणाले, "छान गायलात, अंकल. पण थापा कशाला? गाणं आमोसचंच. आणि मूळ गाण्यातलं दुःख तुमच्या आवाजात नाही."

त्या माणसाचं मानगूट धरावंसं वाटलं मला. काका मात्र किंचित वाकून "येस सर" म्हणाले. साहेब गेले.

"काय बोलला रे तो?" काकूंनी मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, "बोलला, गाणं बायकोवर लिवलंय, ते ऐकताच समजतं."

काकू लाजल्या आणि लगबगीने पदर सारखा करू लागल्या.