नावेचा टप्पा आणि दहापैकी सहा

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. अकरा वर्षांत एकही गेम अर्धवट खेळून त्यावर लिहिलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आमच्या साइटवर माझ्या फोटोखाली तसं वाक्यच होतं : 'शेवटपर्यंत खेळतो, मगच बोलतो.' ते वाक्य आता तिथे नाही. का नाही, तेच सांगतो.

समुद्रसफरीच्या एका गेमची लोक चार वर्षं वाट बघत होते. तो माझ्याकडे आधी आला, मी खेळलो आणि दहापैकी सहा गुण दिले. सहा म्हणजे बरा. मला शाळेत गणितात दहापैकी सहा पडले असते तर बाबांनी खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं असतं. पण चाहत्यांच्या लेखी नऊच्या खाली सगळा खड्डाच.

परीक्षण सकाळी दहाला लागलं. सव्वादहापर्यंत मी लाचखाऊ झालो होतो. साडेदहाला दुसऱ्या कंपनीचा हस्तक, आणि अकराला गेम न उघडताच लिहिणारा भामटा. न उघडता बोलत होते ते खरं तर तेच लोक, कारण गेम बाजारात यायला अजून तीन दिवस होते. पण हे सांगायला गेलो असतो तर आणखी चारशे शिव्या पडल्या असत्या.

त्यांच्यातला एक मात्र शिव्या देत नव्हता. स्वतःला तो 'लोखंडी कासव' म्हणवत असे. मी परीक्षणात लिहिलं होतं, 'सातव्या भागातला नावेचा टप्पा सदोष आहे. सुकाणू वेळेवर वळत नाही. हा टप्पा कुणाला पार करता येईल असं वाटत नाही.' त्यापायी मी दोन गुण कापले होते. कासवाने शांतपणे विचारलं, 'पार करता येत नाही, तर पुढचे पाच भाग तुम्ही खेळलात कसे?'

मी उत्तर दिलं नाही. उत्तर शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलं होतं.

माझे बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं भिंगातून बघत चिमट्याने चाकं बसवली. आता दुकान बंद केलंय आणि आमच्याकडेच राहतात. जेवताना त्यांनी विचारलं, "लोक तुला नावं ठेवतायत म्हणे?"

"चालायचंच, बाबा. तुम्ही ते वाचू नका."

वाचू नका म्हटल्यावर ते वाचणारच. दुपारी त्यांनी स्वतःचं खातं उघडलं. नावाच्या रकान्यात 'वडील' असं लिहिलं आणि माझ्या परीक्षणाखाली आयुष्यातली पहिली कमेंट टाकली :

'सप्रेम नमस्कार. माझा मुलगा लबाड नाही. सकाळी नऊला खेळायला बसतो, मी रोज बघतो. नावेपाशी तो दोन दिवस अडकला होता, तेव्हा ती मी पार करून दिली. दुसऱ्या खेपेला झाली. सुकाणूत दोष नाही. त्याच्या हाताला घाई फार, लहानपणापासून तसंच आहे. कृपया राग नसावा.'

मी दाढी करत होतो. बायको फोन घेऊन दारात उभी राहिली.

"बाबांनी तुझी बाजू घेतलीय," ती म्हणाली. तिचा चेहरा बघूनच मी वस्तरा खाली ठेवला.

तासाभरात दोन तट पडले. एक तट म्हणत होता, 'वडील' म्हणजे परीक्षकच, खोट्या नावाने आलाय. दुसरा म्हणत होता, पुरावा द्या. बाबांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला लेखी हमी दिलेली. त्यांनी सुनेला फोन धरायला लावला आणि चार मिनिटांत नाव पुन्हा पार करून दाखवली. चष्मा कपाळावर, अंगात बनियन. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "ह्या वळणावर तो उगाच डावीकडे दाबतो. सांगितलं तर ऐकत नाही." आणि त्याच वेळी आतून माझा आवाज, "बाबा, चहा टाकू का?" हा व्हिडिओ कमेंटखाली लागला आणि पहिला तट तिथेच गारद झाला. वडील खरे होते. खोटा मीच उरलो.

संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"तो टप्पा सदोष आहे का?"

"मला तसं वाटलं."

"तुमचे वडील पार करतात."

"ते घड्याळजी होते, मॅडम."

"मग तसं लिहायचं. घड्याळजी असाल तर आठ, नसाल तर सहा." त्या विनोद करत नव्हत्या. पुढे म्हणाल्या, "अकरा वर्षं तुमच्या शब्दावर मी लोकांशी भांडले. आता कशाच्या जोरावर भांडू? उद्या दुरुस्ती द्या. आणि दुसरं मत म्हणून वडिलांकडून परीक्षण घ्या. लोक तेच मागतायत."

फोन ठेवला तर बाबा मागे उभे.

"माझ्यामुळे तुझी नोकरी जातेय का रे?"

"नाही, बाबा. नाव तुम्ही पार केलीत, हे मीच लिहायला हवं होतं."

"मी तुझी बाजूच घेत होतो."

"माहीत आहे मला."

ते खुर्चीत बसले. चष्मा पुसत म्हणाले, "एखादं घड्याळ माझ्याने उघडलं नाही तर मी गिऱ्हाइकाला तसं सांगायचो. घड्याळ वाईट आहे, असं नाही सांगायचो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'नावेचा टप्पा सदोष नाही. मला तो जमला नाही, माझ्या वडिलांनी तो पार केला आणि मी ते लपवलं.' फोटोखालचं वाक्य काढलं आणि गेमला दोन गुण परत दिले. कासवाने खाली एकच शब्द लिहिला : 'ठीक.'

बाबा तीन आठवडे खेळले. सकाळी आंघोळ उरकून बसायचे, वहीत टिपणं काढायचे. इकडे गेम बाजारात आला, लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि सगळे बाबांची वाट बघू लागले. अखेर त्यांचं परीक्षण लागलं. गुण : दहापैकी पाच. समुद्र सुरेख आहे, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. पण कप्तानाच्या मनगटावरचं घड्याळ पहिल्या भागापासून बाराव्यापर्यंत पावणेचारच दाखवतं, आणि ज्याला वेळ कळत नाही त्याच्या हाती जहाज देणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं.

दहा मिनिटांत बाबा लाचखाऊ झाले. लाच मी दिली होती म्हणे.

मी घाबरत त्यांच्या खोलीत गेलो. ते फोन डोळ्यांशी धरून, ओठ हलवत कासवाची कमेंट वाचत होते. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी उजळला होता.

"बघ, काय लिहिलंय त्याने. 'यापेक्षा मुलगा बरा होता.'"

अकरा वर्षांत कुणा चाहत्याने माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द. आणि तोही भूतकाळातला.