गावडेकाकांचं गुपित

गावडेकाका गुपित सांगायला लागले की तिसऱ्या माळ्यापर्यंत दारं उघडायची. मुलुंडच्या आमच्या चाळीत ते माझे शेजारी. "बाय, गुपित आसा हां, कोणाक सांगू नको!" असं ते मला म्हणाले, की समोरच्या चाळीतल्या बायकासुद्धा हातातलं काम टाकून गॅलरीत यायच्या. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं ते सासूबाईंच्या आधी दूधवाल्याला कळलं, ते असंच.

काकूंना ऐकू कमी. आम्ही म्हणायचो, जन्मभर तोफेशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार! खरं म्हणजे लग्नाच्या वर्षीच तापात त्यांचे कान गेले होते, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलणारा जगात एकच माणूस होता. "चाय टाक गो!" अशी त्याची हाक आली की चाळीत आम्ही चौघीजणी चहा टाकायचो.

मग काकांचा आवाज बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, महिना उलटला, तो काही उठेना. शेवटी मीच दटावून डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूवर कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, "लेझरचं नवीन मशीन आलंय, तोंडातूनच जाळून टाकू. बरे व्हाल. आवाज मात्र घोगरा राहील."

माणूस जगेल की मरेल ते विचारायचं सोडून काका विचारतात काय, "हिका आयकाक येतला मां?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला कळलं होतं. मी सांगितलं, काकूंना ऐकू येतो तो एवढा एकच आवाज.

ऑपरेशन झकास झालं. आठवडाभर बोलायची बंदी, म्हणून काका भेटेल त्याच्यापुढे मान वर करून पाटी धरायचे: 'एक टाको नाय!' काकूही ती पाटी कौतुकानं बघायच्या आणि परत द्यायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

वर्षभरानं डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घसा स्वच्छ! मी पेढे घेऊन गेले, तर हा बाबा खाटेवर तोंड पाडून बसलेला. समोर काकू तांदूळ निवडत होत्या. काका जीव तोडून काहीतरी सांगत होते, पण फाटक्या आवाजात. काकू मान वर करीनात.

"बाय, रोग गेलो," ते मला म्हणाले. "पण हिका माझा बोलणा आयकाक येना नाय." मग काकूंकडे बघत, "गुपित आसा हां. ती होती म्हणान मी तरलंय. ह्या तिका कोण सांगतला?"

इतक्या वर्षांत त्यांचं गुपित पहिल्यांदाच फक्त मला ऐकू आलं. मला काही ते पेलवेना. पदर खोचला, काकूंच्या कानाशी गेले आणि बोंबलले, "काकू! काका म्हणतात, तुम्ही होतात म्हणून ते जगले!"

तिसऱ्या माळ्यापर्यंत दारं उघडली. काका लाजून भिंतीकडे वळले. काकूंच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ सांडले, त्यांचं लक्षच नव्हतं.

"काय म्हणालंस गो?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "परत सांग."

पहिल्या वेळीच त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी परत सांगितलं, आणखी मोठ्यानं.